स्टेजवर घालायचं हलकं लेदर जॅकेट: नाशिकच्या वादक-गायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार, बेस, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणारे आणि गाणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक, पुढे अडनिडे. एका गोष्टीचं उत्तर एकाच जागी आहे; गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "हलकं" म्हणजे नेमकं किती वजनाचं?

छाती ४० इंच असलेल्या माणसाचं पूर्ण बाह्यांचं जॅकेट सव्वा ते दीड किलोत बसलं पाहिजे. पावणेदोनपर्यंत चालवून घेता येतं. दोन किलोच्या पुढचं मोटरसायकलवर ठीक, नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमाला नाही. इलेक्ट्रिक गिटारच साडेतीन-चार किलोची असते आणि दोन्हींचा भार एकाच खांद्यावर येतो.

वजन येतं ते जाडीतून. ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं कातडं चौरस फुटाला साधारण ४० ग्रॅम भरतं. प्रत्यक्ष जॅकेटात २८-३० फूट लागतं, म्हणजे अकराशे-बाराशे ग्रॅम. अस्तर, चेन, बटणं यांचे वर दोन-तीनशे. तेच कातडं १.२ मिलिमीटरचं घेतलं की चामड्याचा आकडा दुप्पट. दुकानदार "एकदम लाइटवेट आहे" म्हणाला की बॅगा मोजायचा हुकाचा वजनकाटा खिशातून काढा. हँगर लाकडी असेल तर त्याचं वजन वजा करायचं राहू देऊ नका.

२. मेंढी, बकरी, म्हैस: कुठलं कातडं घ्यावं?

बहुतेकांसाठी मेंढीचं, ज्याला बाजारात नापा म्हणतात. जाडी ०.५ ते ०.८ मिलिमीटर, हाताला लोण्यासारखं, पहिल्या दिवसापासून कोपरात वाकतं. दोष एकच, पण मोठा: ते फाटतं. गिटारच्या पट्ट्याची खुंटी, माईक स्टँडचा स्क्रू, ट्रसचा (दिवे टांगायच्या चौकटीचा) क्लॅम्प यांत अडकलं आणि तुम्ही तसेच वळलात तर सरळ चीर जाते.

बकरीचं ०.७ ते ०.९ मिलिमीटर. दाणा उठून दिसतो, वजन थोडं जास्त, पण घासण्याला आणि फाटण्याला खूपच चिवट. बेसवाल्यांनी बकरीचंच घ्यावं. बेसचा पट्टा रुंद, वाद्य जड आणि खांद्यावरची एकच जागा वर्षानुवर्षं घासली जाते. म्हशीचं किंवा गाईचं कातडं जॅकेटसाठी १ मिलिमीटरच्या आसपास किंवा वर असतं. ते या पानाच्या विषयात बसत नाही. स्वेड हलकं आणि सुंदर, पण घामाचा डाग पडला की पडला.

३. लेबलवर "जेन्युइन लेदर" लिहिलंय. म्हणजे खरंच असेल ना?

असेलही, पण त्या दोन शब्दांतून दर्जा कळत नाही. कातड्याचा वरचा थर काढून घेतल्यावर उरलेल्या थरावर रंगाचा लेप देऊनही हेच लिहितात. लेबल सोडा आणि कातड्याची कड शोधा. खिशाच्या आत, कॉलरखाली किंवा अस्तर जिथे जोडलंय तिथे कापलेली कड बहुतेक वेळा दिसते. खऱ्या कातड्याची कड केसाळ, तंतूंची असते. पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेनच्या नकली चामड्यात, खाली विणलेलं कापड आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असे दोन थर स्पष्ट दिसतात. बाँडेड लेदर म्हणजे चामड्याचा भुगा डिंकाने थापलेला. ते दुमडलं की घडीवर बारीक भेगा पडतात.

मग नखाने दाबा. खरं कातडं दाबलेल्या जागेभोवती बारीक सुरकुत्या धरतं आणि सोडल्यावर हळूहळू सपाट होतं. पाण्याच्या थेंबाच्या चाचणीवर विसंबू नका, कारण लेप दिलेलं अस्सल कातडंही पाणी पीत नाही. आणि कृपा करून काडी पेटवून बघू नका. दुकानदार चिडतो ते वेगळंच.

४. रेक्झिनचं किंवा पीयूचं घेतलं तर काय बिघडतं?

एका गॅदरिंगपुरतं हवं असेल तर काहीच बिघडत नाही. नेहमी कार्यक्रम करणाऱ्याचं मात्र दोन ठिकाणी बिघडतं. एक, त्यातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. तिसऱ्या गाण्याला पाठ चिंब. दोन, पीयूचा लेप दमट हवेत आतून विघटित होतो. कपाटात नुसतं टांगलेलं जॅकेटही दोन-तीन पावसाळ्यांत सोलायला लागतं. सुरुवात कॉलरपासून, मग काखा, मग मनगटं. काळे पापुद्रे मानेला आणि गिटारला चिकटतात, आणि त्यावर दुरुस्ती नाही.

तत्त्व म्हणून चामडं नको असेल, तर चामड्याची नक्कल घेण्यापेक्षा काळं डेनिम किंवा मेण दिलेलं सुती जॅकेट घ्या. स्टेजवर तेही भारदस्त दिसतं आणि टिकतं. आतषबाजीचा कार्यक्रम असेल तर प्रश्न २१ पाहा.

५. नाशिकच्या हवेत हे घालायचं तरी कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळी सातनंतर, उघड्यावर. शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यानं थंडीत रात्री पारा झपाट्यानं उतरतो, आणि निफाडकडे तर राज्यातली नीचांकी नोंद होत असते. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांत होणारे हिवाळी कार्यक्रम हे या जॅकेटचं खरं घर. मात्र दुपारी चारला साउंड चेक असेल तर तो टी-शर्टवरच करा. डिसेंबरातलंही ऊन काळ्या चामड्यावर चटका देतं.

कालिदास कलामंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात ऋतूपेक्षा दिवे महत्त्वाचे. जुना हॅलोजनचा पार ६४ दिवा १००० वॅटचा असतो. असे आठ समोरून अंगावर आले की एसीचा उपयोग शून्य. एलईडी पार असतील तर उष्णता कितीतरी कमी. म्हणून मंडपवाल्याला किंवा सभागृहाला आधी विचारा, "पार एलईडी आहेत का हॅलोजन?" हॅलोजन असतील तर जॅकेट पहिल्या तीन गाण्यांपुरतं ठेवा आणि चौथ्याच्या आधी काढायची जागा गाण्यांच्या यादीतच लिहून टाका. एप्रिल-मेमध्ये बिनबाह्यांचं जाकीट किंवा काहीच नाही. पावसाळ्यासाठी प्रश्न १७.

६. घामाने हैराण होतो. अस्तर कुठलं हवं?

जॅकेट गरम होतं त्यात चामड्याइतकाच अस्तराचा हात असतो. तयार जॅकेटांत स्वस्त पॉलिएस्टर टॅफेटा असतो, कधी त्याखाली पातळ फायबरचा थरही. तो थर असेल तर जॅकेट परत ठेवा. तो थंड देशातल्या रस्त्यासाठी असतो.

चांगली रचना अशी. पाठीला आणि पुढच्या भागाला पातळ सुती किंवा व्हिस्कोस अस्तर, किंवा पाठीला नुसती जाळी. बाह्यांना मात्र गुळगुळीतच अस्तर हवं, सुती नको. बाही सुती असेल तर घामेजलेला हात आत शिरता शिरत नाही आणि कार्यक्रमाच्या मध्ये जॅकेट चढवताना अर्धं अस्तर मुठीसोबत बाहेर येतं. खर्च वाचवायचा असेल तर अर्धं अस्तर चालतं: खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत आणि बाह्या, बाकी उघडं. फक्त मग कातड्याची आतली बाजू स्वच्छ घासलेली हवी, नाहीतर पांढऱ्या शर्टावर भुसा पडतो.

हवेला वाट द्या. काखेत प्रत्येकी चार ते सहा आयलेट (धातूची कडी बसवलेली भोकं), किंवा दीड-दोन मिलिमीटरची भोकं एकमेकांपासून ८-१० मिलिमीटरवर. भोकं त्याहून जवळ पाडली की मेंढीचं कातडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. गरम हवा वर चढते आणि मानेतून बाहेर पडते, म्हणून कॉलर उभी ठेवून चेन गळ्यापर्यंत लावली की जॅकेटचा प्रेशर कुकर होतो. चेन अर्ध्यावर, कॉलर पडलेली, खाली घेर थोडा सैल: एवढ्याने फरक जाणवतो.

आत सुती अर्ध्या बाह्यांचा बनियन घाला, बिनबाह्यांचा नको. काखेतला घाम अस्तरापर्यंत जाण्याआधी त्यात जिरला पाहिजे.

७. माप कसं घ्यायचं? नेहमीच्या शर्टाच्या मापावर घेतलं तर?

शर्टाच्या मापावर घेतलेलं जॅकेट आरशात छान दिसतं आणि वाद्य हातात घेतलं की फसतं. छातीचं माप टी-शर्टवरून घ्या आणि त्यात ८ ते १० सेंटिमीटर मिळवा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यावी. एक सेंटिमीटर आत चालेल, बाहेर नको, कारण गिटारचा पट्टा त्या शिवणीच्या फुगवट्यावर बसतो. बाही हात खाली सोडल्यावर मनगटाच्या हाडाच्या दोन सेंटिमीटर पुढे असावी. कोपर वाकला की ती चार-पाच सेंटिमीटर वर सरकते.

मग दुकानातच वाद्य अडकवा. गिटार नेणं जमत नसेल तर निदान पट्टा न्या आणि त्यात एखादी जड पिशवी लटकवा. दोन्ही हात पुढे, डावा हात गिटारच्या मानेच्या टोकाला पोचल्यासारखा. पाठीला दोन्ही फऱ्यांमध्ये ताण आला तर जॅकेट लहान आहे. हात डोक्यावर उचला. खालची कड पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त वर गेली तर मुंढा (बाही जोडतात तो काप) चुकलाय (प्रश्न ८). शेवटी खुर्चीवर बसा. नवं मेंढीचं कातडं वापराने कोपरात आणि पाठीत थोडं सैल होतं, त्यामुळे "जरा घट्ट, पण श्वास घेता येतो" हे माप बरोबर. "जरा सैल, आत स्वेटर मावेल" हे चूक.

८. मुंढा सैल असेल तर हात जास्त मोकळा फिरेल ना?

उलट. मुंढा खाली उतरवलेला असला की हात उचलताना सगळं जॅकेटच बरोबर उचललं जातं, कारण बाही धडाला खालून धरून ठेवते. मुंढा काखेच्या जवळ, उंच असेल तर हात वर जातो आणि धड जागेवर राहतं. तयार जॅकेटं सगळ्यांना व्हावीत म्हणून मुंढा खोल कापतात. तिथेच वादक फसतो.

उंच मुंढा काचत असेल तर काखेत कळी टाकून घ्या: साधारण ८ बाय १२ सेंटिमीटरचा पतंगाच्या आकाराचा तुकडा, शक्यतो त्याच कातड्याचा किंवा ताणणाऱ्या काळ्या कापडाचा. कापडाची कळी हलकी पडते आणि वाफही जाऊ देते. पाठीला खांद्यामागे दोन उभ्या चुण्या असलेलं जॅकेट मिळालं तर फारच उत्तम.

९. जॅकेटच्या चेनने गिटारच्या मागे ओरखडे पडले. काय करू?

पडलेले ओरखडे वरवरचे असतील तर पॉलिशने कमी होतात. लाकडापर्यंत गेलेले जात नाहीत. पुढचे टाळा. तिरक्या चेनचं, पट्टा-बकलवालं बायकर जॅकेट न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीनं १९२८ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी काढलं. तिरकी चेन वारा अडवायला आणि पुढे वाकायला सोयीची म्हणून होती. गिटारवाल्याच्या पोटावर मात्र तेच लोखंड येतं.

सरळ मधल्या चेनचं आणि चेनवर कातड्याची झापण असलेलं जॅकेट घ्या. कमरेचा पट्टा निघणारा असेल तर काढून घरी ठेवा. शिवलेला असेल तर बकल पाठीकडे फिरवता येतं का पाहा. उजव्या मनगटाची चेन गिटारच्या पुढच्या बाजूला, नेमकी हात टेकतो तिथे घासते; तिच्या जागी टिचबटण लावून घ्या किंवा बाही दोनदा दुमडा. खिशांच्या धातूच्या चेनऐवजी नायलॉनच्या चालतात, वजनही कमी होतं. पोटावर आणि बरगडीवर खिळे किंवा स्टड असलेलं जॅकेट वाद्य न वाजवणाऱ्या गायकासाठी सोडा.

१०. पांढऱ्या गिटारवर काळा रंग उतरला. जॅकेट खराब आहे का?

रंग पक्का झालेला नाही. विकत घेतानाच पांढरा रुमाल पाण्याने हलका ओला करा आणि आतल्या झापणीवर दहा वेळा घासा. रुमाल करडा झाला तर कार्यक्रमाच्या घामात तेच होणार. नव्या जॅकेटचा थोडा सुटा रंग ओल्या कपड्याने दोन-तीनदा पुसल्यावर जातो. तिसऱ्यांदाही रुमाल काळा येत असेल तर परत करा. जॅकेटवर बुटाचं काळं पॉलिश लावणारे हा त्रास स्वतःच ओढवून घेतात.

११. पट्टा खांद्यावरून घसरतो, खासकरून नव्या जॅकेटवर.

गुळगुळीत नापावर नायलॉनचा पट्टा घसरणारच. आतून स्वेड असलेला ६-७ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घ्या. जॅकेटवर खांदापट्टी असेल तर पट्टा तिच्याखालून न्यायचा मोह होतो. तसं करू नका. गिटार ओढली गेली की बटणासकट पट्टी उपटते आणि भोकाचं कातडं फाटतं. खांदापट्टीचं बटण गळ्याच्या हाडावर येत असेल तर अख्खी पट्टीच उसवून काढा. टाक्यांची भोकं दिसतील, पण ती पट्ट्याखाली झाकली जातात.

१२. ड्रम, ऑक्टोपॅड, ढोलकी वाजवताना चालेल?

ड्रमला नाही. दोन तास खांद्यातून हात चालवणाऱ्याला पूर्ण बाह्यांचं कातडं म्हणजे शिक्षा. बिनबाह्यांचं जाकीट, मुंढा मोठा कापलेला, अस्तर फक्त पाठीला: सहाशे-सातशे ग्रॅममध्ये काम होतं. ऑक्टोपॅड उभ्याने वाजतो आणि मनगटाचं काम जास्त, तिथे बाह्या कोपरापर्यंत सरकवून मेंढीचं जॅकेट निभावतं.

नाशिक ढोल पथकात चामडं ढोलालाच असू द्या. कमरेला ढोल बांधला की दोर जॅकेटची कड आत दाबतो, घाम तिथे साचतो, आणि मिरवणूक उन्हात असते.

१३. हार्मोनिअम किंवा कीबोर्डवर बसतो. वेगळं काही बघायचं?

लांबी. मांडी घालून बसल्यावर कड जमिनीला टेकून वर ढकलली जाते आणि कॉलर कानापर्यंत येते. म्हणून कड पँटच्या पट्ट्याशीच संपणारं घ्या, किंवा खालूनही उघडणारी दुतोंडी चेन असलेलं. कीबोर्डवाल्यांनी मनगटाचा घेर पाहावा. २४-२५ सेंटिमीटरपेक्षा रुंद बाही वरच्या कीबोर्डवर हात मारताना खालच्याची बटणं दाबते आणि भलताच टोन लागतो.

१४. इन-इअर (कानातल्या मॉनिटरचे) आणि कॉर्डलेस माईकचे पॅक कुठे ठेवू? जॅकेट करकरतं, ते माईकमध्ये येतं का?

पॅक पँटच्या पट्ट्याला मागे, आणि जॅकेटची कड पॅकच्या वर संपलेली किंवा त्याला पूर्ण झाकणारी. अर्ध्यावर येणारी कड हलताना पॅकचं बटण दाबते. आतल्या खिशात ठेवायचा असेल तर खिसा किमान ८ बाय १२ सेंटिमीटरचा करून घ्या आणि तळाला वायरपुरतं भोक. अँटेना दुमडू नका, घामट अंगाला चिकटवू नका, सिग्नल तुटतो. पॅकला छोटी प्लॅस्टिकची पिशवी घातली तर घाम आत जात नाही.

करकर येतेच, विशेषतः नव्या कातड्याची, पण हातातल्या माईकमध्ये ती पोचत नाही. कॉलरला लावायचा छोटा माईक चामड्यावर कधीच लावू नका: प्रत्येक श्वासाला कातडं घासतं. हेडसेट घ्या.

१५. रंग काळाच घ्यावा का?

मागे काळा पडदा असेल आणि मागून दिवा नसेल तर काळ्या जॅकेटमधला माणूस गायब होतो. प्रेक्षकांना तरंगणारं डोकं आणि दोन हात दिसतात. गडद तपकिरी, मरून किंवा निळसर काळा रंग दिव्यात उठतो आणि लांबून काळाच वाटतो. फार चकचकीत लेप टाळा. समोरच्या दिव्याचा पांढरा ठिपका छातीवर पडतो आणि मोबाइलवर घेतलेल्या सगळ्या व्हिडिओत तोच आधी दिसतो. अर्धवट चमक सर्वांत सोयीची.

१६. घ्यायचं कुठे? नाशिकमध्ये, की धारावीत जाऊन शिवून घ्यायचं?

माप प्रमाणित असेल तर नाशिकमध्ये तयार घ्या. बदलून घ्यायची सोय जवळ असते. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये किंवा मेन रोडला जे चकचकीत दिसेल त्याला आधी प्रश्न ३ लावा. खांदे रुंद आणि कंबर बारीक, हात लांब, किंवा मुंढा-कळीचं काम हवं असेल तर धारावी. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी निघून दुपारी धारावीत फिरता येतं. ९० फूट रस्ता आणि सायन-बांद्रा लिंक रोडवर चामड्याची दुकानं सलग आहेत.

शिवून घेताना तीन गोष्टी ठरवा. कातड्याची जाडी मिलिमीटरमध्ये, "पतला" या शब्दात नाही. किती फूट लागेल: मेंढीचं एक कातडं चार ते सहा चौरस फुटांचं असतं, त्यात भोकं-डाग सोडून कापावं लागतं, म्हणून जॅकेटला ३५-४० फूट, म्हणजे सात-आठ कातडी लागतात. आठ कातड्यांचा भाव आणि शिलाई मनात धरा, म्हणजे हजार-बाराशेत मिळणारं "ओरिजिनल" काय असेल ते आपोआप कळेल. तिसरी गोष्ट, आधी मांजरपाटावर कच्चं शिवून अंगावर बघायचं. कातड्यात सुईचं भोक बुजत नाही, त्यामुळे चूक मांजरपाटावरच झालेली बरी. हा दुसरा फेरा लोक वाचवतात आणि मग वर्षभर खांदा ओढत बसतात.

सगळी कातडी एकाच वेळी रंगवलेली आहेत ना, तेही दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहा. ट्यूबलाइटखाली सारखी दिसणारी बाही आणि पाठ स्टेजच्या दिव्यात दोन रंगांची दिसू शकते.

१७. पावसाळ्यात बुरशी येते. कसं जपायचं?

प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवू नका. सुती चादरीच्या पिशवीत, रुंद हँगरवर, भिंतीपासून सुटं. कपाटाच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून परत वापरा. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, फक्त वास लागतो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी अर्धा दिवस पंख्याखाली टांगा.

पांढरी बुरशी आलीच तर जॅकेट घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झटका. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडक्याने हलकं पुसा. आधी आतल्या झापणीवर रंग उतरतो का बघा. सावलीत वाळवा, उन्हात नाही.

१८. कार्यक्रम संपल्यावर लगेच काय करायचं? धुता येतं का?

पाण्यात बुडवून धुता येत नाही. रात्री कितीही उशीर झाला तरी बॅगेत कोंबून ठेवू नका. घामातलं मीठ कातडं कडक करतं आणि कॉलर आधी जाते. घरी आल्यावर खिसे रिकामे करा, आत-बाहेर उलटवून रुंद हँगरवर पंख्याखाली टांगा. सकाळी कॉलर आणि मनगटं पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा. हेअर ड्रायर नको, ओलं कातडं उष्णतेनं आकसतं. वास येत असेल तर फक्त अस्तरावर पातळ केलेल्या स्पिरिटचा हलका फवारा मारा, चामड्यावर नको. अस्तर फारच गेलं असेल तर ते बदलता येतं (प्रश्न २०).

१९. खोबरेल तेल लावलं तर मऊ राहील का?

दोन दिवस राहील. मग डाग गडद होतात, धूळ बसते आणि पावसाळ्यात बुरशीची मेजवानी. लेदर कंडिशनर वर्षातून दोनदा, वाटाण्याएवढं, फडक्यावर घेऊन. एवढंच.

२०. जुनं, जड जॅकेट आहे. हलकं करून मिळेल?

कातडं पातळ होत नाही, पण बाकी बरंच होतं. फायबरचं अस्तर काढून पातळ सुती लावलं की दोनशे-तीनशे ग्रॅम जातात आणि उकाडा निम्मा वाटतो. पट्टा, बकल, खांदापट्ट्या, जादा खिसे काढा. बाही आखूड करता येते, बाजूची शिवण आत घेता येते. सैल मात्र करता येत नाही: जुन्या टाक्यांची भोकं बाहेर येतात. खांदा बदलायचा म्हणजे अर्धं जॅकेट उसवणं, त्या पैशात नवं पाहा.

साध्या शिंप्याकडे देण्याआधी विचारा: चामड्याची सुई आहे का? ती ९० किंवा १०० नंबरची, टोक कापणारं असते. धागा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, टाका तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका म्हणजे मजबूत ही कापडाची सवय. कातड्यात जवळजवळ भोकं पडली की ती रेषा फाटते.

२१. कोल्ड पायरो (स्टेजवरचे ठिणग्यांचे फवारे) आणि धुराच्या मशीनचा त्रास होतो का?

ठिणगी पडली तर कातड्यावर फार तर काळा ठिपका येतो. पीयू आणि पॉलिएस्टर वितळून चिकटतं. म्हणून पायरोजवळ उभं राहणाऱ्यानं नकली लेदर टाळावंच. तरी अंतर पायरोवाल्याला विचारून ठेवा. धुराचा पातळ चिकट थर चामड्यावर बसतो, तो प्रश्न १८ मधल्या ओल्या फडक्याने निघतो.

२२. कार्यक्रमाला जाताना बाईकवर हेच घातलं तर चालेल?

गारठा अडवायला चालेल, पडल्यावर वाचायला नाही. बाईकचं चामडी जॅकेट १.२ ते १.४ मिलिमीटरचं असतं आणि कोपर-खांद्याला संरक्षक पॅड असतात. ०.६ मिलिमीटरचं नापा डांबरावर क्षणात जातं. शिवाय पाठीवरच्या गिग बॅगचे पट्टे खांद्यावरचा रंग घासतात. जॅकेट बॅगेच्या वर, घडी न करता.

२३. देवळाच्या आवारात भजनसंध्या आहे. घालावं का?

नाही. पंचवटीत असो किंवा गल्लीतल्या गणपतीपुढे, आयोजक तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण चामडं खटकतं. गिटारचा चामडी पट्टाही कापडाचा करा. जैन संस्थेच्या कार्यक्रमालाही हेच. शंका असली तर आयोजकांना आधी फोन करून विचारा. त्यांना बरंच वाटतं.

२४. ऐन कार्यक्रमात चेन अडकली किंवा शिवण उसवली तर?

चेन अडकली तर जोर लावू नका. आतलं अस्तर दातांत आलेलं असतं. धावक किंचित खाली घ्या, अस्तर बाजूला ओढा, मग वर. चेन वर जाऊनही मागे उघडत असेल तर धावक सैल झालाय. पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, एकेका बाजूला थोडं थोडं. घट्ट चालणाऱ्या चेनवर आधीच मेणबत्ती फिरवून ठेवा.

शिवण उसवली तर काळा गॅफर टेप आतून लावा. बाहेरून लावला तर काढताना रंगाचा लेप घेऊन येतो. सेफ्टी पिन टोचू नका, कारण भोक कायमचं राहतं आणि चीर तिथूनच पुढे जाते. टेपचा हातभर तुकडा गिटारच्या केसच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला की अख्खं रीळ न्यावं लागत नाही.